सेवा करणाऱ्याची नम्रता : पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने



आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे थांबता येत नाही. मागे राहतात म्हातारी माणसं, कुठे शाळकरी पोरं. आपला शेजारी कोण, हे मग लांब जाऊन शोधावं लागत नाही. त्याची सेवा कशी करायची, हा खरा प्रश्न आहे.

नम्रतेने करावी, असं आपण म्हणतो. पण नम्रता म्हणजे काय? मान खाली घालणं, गप्प बसणं? बायकांना आणि गरिबांना आपण तीच शिकवत आलो. योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय पाहा. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो, पण आपण गुरू नाही असं म्हणत नाही. आपण कोण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तरीही तो कमरेला रुमाल बांधतो. स्वतःला कमी लेखणं वेगळं आणि स्वतःला विसरून खाली वाकणं वेगळं.

याचं आपल्या मराठी मातीतलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणं त्यांनी मुकाट्याने मान्य केलं नाही. पटलं नाही तिथे पत्रांतून स्पष्ट वाद घातला. ही काही खालमानेची बाई नव्हे!

हीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आली. आईवडील त्यांनी स्वतः दुष्काळातच गमावले होते. केडगावच्या मुक्ती सदनात या बायका विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असूनही भाषा मुद्दाम सोपी ठेवली, खेड्यातल्या बाईला कळेल अशी. अखेरच्या दिवसांपर्यंत हे काम चाललं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली विद्वत्ता न दाखवता ती दुसऱ्याच्या उपयोगी पाडायची, याला आम्ही नम्रता म्हणतो.

एक अडचण मात्र टाळून चालणार नाही. १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण किती बरोबर, हा आजचा विषय नाही. पण एक गोष्ट त्यातून आपण सगळ्यांनीच घ्यावी. भुकेल्याला भाकरी देणाऱ्याच्या हातात सत्ता येते. देणाऱ्याला ती जाणवत नाही, घेणाऱ्याला जाणवते. म्हणून नम्रतेची परीक्षा आपल्या मनात होत नाही. ती समोरच्याच्या मानेवर होते : आपली मदत घेताना त्याची मान वर राहिली का?

तेव्हा यंदा गाड्या गेल्यावर शेजारच्या म्हातारीकडे जरूर जा. आधी विचारा, “आजी, काय हवंय?” कदाचित तिला धान्य नको असेल, कुणीतरी दवाखान्यात सोबत यायला हवं असेल. तेवढं करा. फोटो काढू नका. आणि तिने चहा केला, तर नको म्हणू नका. घेणं हीसुद्धा नम्रताच आहे, आणि आपल्याला तीच जास्त जड जाते.