धुळे शोधताना धूळ नको!

दोस्तांनो, ‘धुळ्यात’, ‘धुळ्याहून’, ‘धुळ्याचा’ म्हटलं तरी आपल्याला गाव एकच कळतं. कॉम्प्युटरला मात्र हे तीन वेगळे शब्द. म्हणून साध्या सर्चमध्ये ‘धुळे’ टाकलं, की ‘धुळ्यातला दुष्काळ’ निसटतो. उपाय? प्रत्यय काढून मूळ शब्दाची सूची करायची. पण सरसकट छाटलं, तर ‘धुळीत’चंही ‘धुळ’च उरतं आणि शहर धुळीला मिळतं! इथे शाळेतलं सामान्यरूप कामी येतं.

‘फायर’ या उपक्रमात २००८ मध्ये मराठी बातम्यांवर असा शोध तपासला गेला. धुळ्यात १९२६ मध्ये निधन पावलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर मराठीचे धातू कॉम्प्युटरविना गोळा केले होते.

आपल्या अहिराणीत ‘घरात’चं ‘घरमा’ होतं. जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींनो, हे प्रत्यय तुम्ही नोंदवले नाहीत, तर अहिराणीतलं लिखाण सर्चमध्ये सापडणार कसं?