तरोट्याच्या दोन जाती : ओळखीचे निकष

जळगाव व धुळे जिल्ह्यांत पावसाळ्याच्या आरंभी माळरानांवर उगवणारा तरोटा (टाकळा) सर्वपरिचित असून त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. तथापि या एका नावाखाली 'सेना टोरा' व 'सेना ऑब्टुसिफोलिया' अशा दोन जाती येतात. लिनियस यांनी १७५३ मध्ये त्या स्वतंत्र नोंदविल्या. पुढे काही अभ्यासकांनी त्या एकच मानल्या. त्यामुळे जुन्या वनस्पतिसूचींतील 'टोरा' ही नोंद नेमक्या कोणत्या जातीची, हे केवळ नावावरून ठरत नाही.

दोहोंची फुले पिवळी, पर्णिकांच्या जोड्या तीन. म्हणून भेद अन्यत्र शोधावा लागतो. टोरामध्ये खालच्या दोन जोड्यांपाशी ग्रंथी असतात, ऑब्टुसिफोलियामध्ये बहुधा केवळ सर्वांत खालच्या जोडीपाशी. टोराच्या शेंगेचा देठ आखूड, सुमारे १ सेंमी. दुसरीचा साधारणतः २ सेंमीहून लांब. बीवरील पट्टा टोरात रुंद (१.५ ते २ मिमी), दुसरीत अर्ध्या मिमीपेक्षा अरुंद असतो.

सारांश, विद्यार्थी फुलोऱ्यातील नमुने आणतात, तेव्हा देठ व बी या खुणा त्यांत नसतात. पावसाळा सरल्यावर त्याच जागेवरील पक्व शेंगा जोडल्याखेरीज नमुनापत्रावर जातीचे नाव लिहू नये.