एका पेनीच्या तिकिटावर चाललेली प्रयोगशाळा

१८५६ च्या जानेवारीत चार्ल्स डार्विनने मद्रासला वॉल्टर इलियट यांना पत्र लिहून मेलेली कबुतरं मागितली. पाळीव कबुतरांची आणि कोंबड्यांची सोललेली कातडी मिळाली तर फार उपकार होतील, अशी ती विनंती होती. इलियट मुलकी अधिकारी, पण हाडाचे निसर्ग-अभ्यासक. दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यांनी १८३९ मध्येच छापली होती. त्यांनी कातडी खरोखरच धाडली. १८५९ साली निघालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात त्याबद्दल त्यांचा नावानिशी उल्लेख आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातले एडवर्ड ब्लिथ यांचंही नाव त्याच प्रकरणात येतं. इथल्या गुराढोरांविषयी, रानकोंबड्यांविषयी ते डार्विनला पानंच्या पानं लिहीत.

डार्विन म्हटलं की आपल्याला ‘बीगल’ जहाज आठवतं. पण १८३६ मध्ये त्या सफरीवरून परतलेला हा माणूस पुन्हा कधी ब्रिटनबाहेर गेला नाही. १८४२ पासून मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तो लंडनपासून सोळा मैलांवरच्या डाउन गावात राहिला आणि बऱ्याचदा आजारी असायचा. जग त्याच्याकडे टपालाने येत होतं. १८४० मध्ये रोलंड हिल यांच्या सुधारणेमुळे अर्ध्या औंसाचं पत्र एका पेनीत देशभर कुठेही जाऊ लागलं होतं. त्याआधी अंतराप्रमाणे आकार पडे, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी बसे. ही सोय झाली नसती, तर अनोळखी माळ्यांना आणि कबुतरं पाळणाऱ्यांना सतत प्रश्न विचारत राहणं डार्विनला जमलं असतं असं मला वाटत नाही.

टपालाभोवती घराचा दिवस कसा फिरायचा, हे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने लिहून ठेवलं आहे. सकाळचं काम आटोपून साडेनऊला डार्विन दिवाणखान्यात यायचा. टपाल थोडं असलं की खूश, जास्त असलं की काळजीत. मग सोफ्यावर पडून घरची पत्रं वाचून घ्यायची. उत्तरं दुपारी. शेकोटीजवळच्या मोठ्या खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकायची आणि तिच्यावर कागद ठेवून लिहायचं. पत्र लांबलचक असलं तर आधी जुन्या हस्तलिखितांच्या पाठकोऱ्या कागदांवर कच्चा खर्डा काढायचा, मग तो दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायचा. मूर्खासारख्या पत्रालाही उत्तर जायचं. राहून गेलं तर रात्री ते मनाला लागायचं.

या सौजन्यात कामाची निकडही होती. १८६२ मध्ये एडिनबराच्या वनस्पती उद्यानातल्या जॉन स्कॉट नावाच्या तरुण माळ्याने डार्विनला त्याच्या ऑर्किडवरच्या पुस्तकातली एक चूक दाखवून दिली. डार्विनने ती मान्य तर केलीच, शिवाय या अनोळखी पोराशी बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार सुरू केला. पुढे स्कॉटची तिथली नोकरी सुटली, तेव्हा हिंदुस्थानात यायचा खर्च डार्विनने उचलला. स्कॉट कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लागला, आणि तिथून माणसांच्या चेहऱ्यावरच्या भावांपासून गांडुळांच्या विष्ठेपर्यंत निरीक्षणं पाठवत राहिला.

आलेल्या पत्रांचं मात्र डार्विन जे करायचा, ते वाचून जीव हळहळतो. तो ती तारेत ओवून ठेवायचा, आणि तारा भरल्या की कित्येक वर्षांची पत्रं एकदम जाळून टाकायचा. १८६२ पूर्वीची आलेली बहुतेक पत्रं अशीच गेली. काही वाचली तीही कापलेली. उपयोगाचा मजकूर कात्रीने कापून त्या त्या विषयाच्या बासनात टाकायची त्याची पद्धत होती.

जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाशी झालेला पत्रव्यवहार सगळ्यात मोठा, सुमारे चौदाशे पत्रांचा. प्रजाती बदलत असाव्यात, ही मनातली गोष्ट डार्विनने १८४४ च्या जानेवारीत हूकरला बिचकत बिचकत कळवली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये हूकरची सहा वर्षांची मुलगी गेली, तेव्हा तासाभरात त्याने पत्र लिहिलं ते डार्विनला. डार्विनची दहा वर्षांची ॲनी १८५१ मध्ये वारली होती. आपलं दुःख सगळ्यांत जास्त कोणाला समजेल, हे हूकरला सांगावं लागलं नाही. बियाणं, बढत्या, पोटदुखी आणि मुलांची मरणं एकाच लिफाफ्यातून जात. त्यातलं विज्ञान वेगळं काढून वाचणाऱ्याला हूकरवरचा डार्विनचा विश्वास कुठून आला, हे कळायचं नाही.

सुमारे दोन हजार माणसांशी झालेली अशी पंधरा हजार पत्रं आज ठाऊक आहेत. १९७४ मध्ये फ्रेडरिक बर्कहार्ट यांनी ती संपादित करायचं काम हाती घेतलं. पहिला खंड १९८५ मध्ये आला, आणि तिसावा, शेवटचा, निघेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं लोटली. बर्कहार्ट २००७ मध्येच गेले होते. डार्विन पुष्कळदा वरती नुसता वार टाकायचा, वर्ष नाहीच. मग कागद, जलचिन्ह, मजकुरातली आजारपणं यांवरून साल ठरवायचं. कापलेले तुकडे जुळवायचे ते वेगळंच.

ही पत्रं आता इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात. सुरुवात करायची तर १८५५ च्या वसंतातली हूकरला लिहिलेली घ्या. बिया समुद्र ओलांडून बेटांवर पोचत असतील का, हे पाहायला डार्विनने त्या खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत घातल्या होत्या. हूकरला ते पटत नव्हतं. बाबा डॉक्टर हूकरना हरवणार का, असं मुलं सारखी विचारत. एकवीस दिवसांनी काही बिया छान उगवल्या, आणि मग लक्षात आलं की बिया मुळात पाण्यात बुडतात. डार्विन हिरमुसला, पण त्याने बिया आणि फळं वाळवून पाहायला घेतली. ताजी हेझलनट लगेच तळाला गेली. वाळवलेली नव्वद दिवस तरंगली, आणि पेरल्यावर रुजलीही.