गस्तीवरचा शिपाई : पात्रता देहाची आणि विवेकाची

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नागपूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांची पहाट बदलते. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक या गावांबाहेरच्या रस्त्यांवर उजाडण्यापूर्वीच तरुणांच्या पावलांचा आवाज सुरू होतो. कुणी घड्याळ लावून धावत असतो, कुणी शाळेच्या मैदानावर गोळा फेकत असतो. त्यात कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले असतात, पदवी घेऊनही नोकरी न लागलेले असतात आणि मुलीही असतात. या मुलांच्या कष्टांविषयी आदरच वाटावा. परंतु त्यांच्याकडे पाहताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या कामासाठी ही मुले धावत आहेत, त्या कामात धावण्याचा वाटा कितीसा असतो?

महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा लागतो. पुरुषाची उंची किमान १६५ सेंटिमीटर आणि स्त्रीची १५५ सेंटिमीटर असावी लागते. पुरुषाची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर वाढावी, असा नियम आहे. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, तर स्त्रियांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावणे. त्यातून पार पडलेल्यांची १०० गुणांची लेखी परीक्षा होते. तीत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे विषय असतात. या कसोट्या निरर्थक आहेत असे कुणी म्हणणार नाही. मे महिन्यातील विदर्भाच्या उन्हात आठ-दहा तास उभे राहायचे तर शरीर कणखर हवेच. शिवाय मोजपट्टी आणि घड्याळ यांच्यापुढे वशिल्याला वाव कमी, हाही लहान फायदा नव्हे. तथापि जे मोजता येते तेवढेच मोजून आपण थांबलो आहोत काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

कायदा काय मागतो?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम हा मूळचा १९५१ चा मुंबई पोलीस कायदा. त्याच्या २८ व्या कलमान्वये पोलीस हा सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. ६४ व्या कलमात गुन्ह्यांची व गुन्ह्यांच्या बेतांची माहिती मिळवणे, गुन्हे घडू न देणे, कायदेशीर आज्ञा बजावणे अशी कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. पण ६६ वे कलम सर्वसामान्य नागरिकाने मुद्दाम वाचावे असे आहे. रस्त्यात असहाय अवस्थेत सापडलेल्याला साह्य करावे. अटकेतील माणूस जखमी वा आजारी असेल तर त्याला तातडीने मदत मिळवून द्यावी. कोठडीत असलेल्याच्या अन्नाची व निवाऱ्याची व्यवस्था पाहावी. झडती घेताना अनावश्यक उद्धटपणा करू नये. स्त्रिया व मुले यांच्याशी सभ्यतेने व सौम्यपणे वागावे. आगीपासून, अपघातापासून लोकांना वाचवण्याचा प्रयत्न करावा. ही भाषा एखाद्या नीतिपाठाची वाटेल, पण ती कायद्याची आहे आणि गस्तीवरच्या शिपायालाही तितकीच बंधनकारक आहे.

कर्तव्यांइतकेच अधिकारही विचारात घेतले पाहिजेत. या अधिनियमाच्या परिभाषेत पोलीस अधिकारी म्हणजे दलातील कोणताही सदस्य. त्यात शेवटच्या पायरीवरचा शिपाईही आला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमाने विशिष्ट परिस्थितीत वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार दिला आहे, तोही ‘कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला’. सरकारी कचेरीत कारकून टिपणी लिहितो आणि निर्णय साहेबांच्या सहीने होतो. पोलीस खात्यात मात्र अनेकदा पहिला निर्णय सर्वांत खालचा माणूस घेतो. तोही एकटा, रस्त्यावर, चार लोकांच्या देखत. टिपणी नंतर लिहिली जाते. माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार इतक्या खालच्या पायरीवर सोपवणारे दुसरे खाते क्वचितच सापडेल.

धुऱ्यावरचा पहिला तास

शहरात माणूस पोलीस आयुक्तालयाचे नाव ऐकून असतो, वर्तमानपत्रांकडे दाद मागू शकतो. तालुक्याच्या गावी आणि आसपासच्या खेड्यांत ‘पोलीस’ म्हणजे बीटवरचा हवालदार आणि त्याच्या सोबतचा शिपाई. ठाण्याची हद्द बीटांमध्ये वाटलेली असते आणि एकेका बीटात अनेक गावे येतात. रात्रीची गस्त, आठवडी बाजाराचा बंदोबस्त, समन्स-वॉरंटांची बजावणी, मोहाच्या दारूवरची धाड, पोळ्याच्या आणि गणपतीच्या मिरवणुका, बेपत्ता मुलीचा तपास, रस्त्यावरच्या अपघाताचा पंचनामा या सर्वांना तीच दोन माणसे धावतात.

एक नेहमीचे प्रकरण डोळ्यांपुढे आणावे. मृगाच्या आधी शेताची वखरणी सुरू आहे. एकाचा वखर हातभर धुऱ्यात गेला म्हणून दोन चुलतभावांत जुंपते. शिवीगाळ होते, काठी उगारली जाते, आणि एक जण ठाण्यात येतो. जमिनीची हद्द ठरवणे हे पोलिसांचे काम नव्हे; ते मोजणीने ठरते. वहिवाटीच्या रस्त्याचा वाद तहसीलदारांकडे जातो. किरकोळ शिवीगाळ अदखलपात्र. म्हणजे नोंद करून ‘कोर्टात जा’ असे सांगितले की कागदावरचे कर्तव्य संपले. परंतु खरे काम तिथेच सुरू होते. शिपाई गावात जाऊन दोघांचे ऐकून घेतो काय? मोजणी होईपर्यंत धुऱ्याला हात लावायचा नाही, हे दोघांनाही सारख्याच स्वरात सांगतो काय? एकाच्याच ओसरीवर बसून चहा घेतो, की तेवढे भान राखतो? शांतताभंगाची भीती आहे हे ओळखून ठाणेदाराकडे तसा अहवाल देतो काय, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिबंधक कारवाई होऊ शकेल? तिसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारतो काय? या पाच-सहा गोष्टींवर ते प्रकरण मोजणीच्या दगडापाशी मिटायचे की शवविच्छेदनाच्या टेबलावर जायचे, हे पुष्कळदा ठरते. आणि यातली एकही गोष्ट छातीच्या मापावरून कळत नाही.

हात हवे होते

ही विसंगती आजची नाही. १८६१ चा पोलीस कायदा, जो पुढे मध्य प्रांतातही चालला, तो १८५७ च्या उठावानंतरच्या भीतीतून जन्मला. त्याला लंडनच्या नागरी पोलिसांचे वळण नव्हते. आयर्लंडमध्ये जनतेला धाकात ठेवण्यासाठी उभारलेल्या सशस्त्र दलाचे होते. पुढे १९०२ साली नेमलेल्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर होते. नागपुरात बसून मध्य प्रांताचा कारभार त्यांनी चीफ कमिशनर म्हणून पाहिला होता. त्या आयोगाची भूमिका अशी होती की शिपायाकडे यांत्रिक स्वरूपाचीच कामे असावीत; विचार करण्याचे, चौकशीचे काम वरच्या माणसांनी करावे. थोडक्यात, राज्यकर्त्यांना खालून हात हवे होते, डोके नको होते. परक्या सत्तेच्या दृष्टीने ते सुसंगतच म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी, १९७७ साली, धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याने १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाचा प्रश्न हाती घेतला, हे लक्षणीय आहे. शिपाई हा केवळ यंत्राचा भाग नाही, त्याला लोकांशी वागताना स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो, म्हणून त्याची निवड, प्रशिक्षण आणि सेवाशर्ती त्या दर्जाच्या असाव्यात, असा त्या विचाराचा गाभा होता. अहवाल आला, चर्चा झाली, आणि प्रश्न बव्हंशी तिथेच राहिला.

दोन कटू आठवणी

विदर्भाला या दुर्लक्षाची किंमत ठाऊक आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका अनाथ आदिवासी मुलीला तक्रारीच्या चौकशीसाठी रात्री पोलीस ठाण्यात आणले गेले, आणि ठाण्याच्या आवारातच तिच्यावर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मथुरा खटला म्हणून देशभर गाजलेल्या या प्रकरणातून उसळलेल्या क्षोभामुळे १९८३ साली फौजदारी कायदा बदलावा लागला. न्यायालयांत मतभेद झाला तो संमतीच्या पुराव्यावर. परंतु रात्रीच्या वेळी असहाय मुलगी ठाण्यात आली असता तिथल्या माणसांनी कसे वागावे, हे ६६ व्या कलमाने तेव्हाही सांगितलेच होते. कायदा होता, तो अंगी बाणलेली माणसे तिथे असती तर खटल्याचा प्रसंगच आला नसता.

दुसरी आठवण २००६ ची. नागपूरला लागून असलेल्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्यामागे शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा जुना वाद होता, त्याच महिन्यात झालेली एक मारहाण होती, आणि त्या मारहाणीच्या प्रकरणात दिलेली साक्ष होती. म्हणजे ठिणगी अचानक पडलेली नव्हती. ती कित्येक दिवस धुमसत होती. पोलिसांच्या हलगर्जीपणाबद्दल पुढे चौकशी झाली, काही जण निलंबित झाले. निलंबनाने मेलेली माणसे परत येत नाहीत. गावातला धुमसणारा वाद ओळखणे, दुर्बल बाजूला कुणाची भीती आहे हे न सांगता समजणे, आणि जातीच्या बळापुढे मान न तुकवणे, ही शिपायाची खरी पात्रता आहे. तिचे मोल अशा दिवशी कळते.

बंदोबस्तात हरवलेले बीट

दोष एकट्या शिपायाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. गाव ओळखायचे तर गावात असावे लागते. साधारणतः डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते आणि ठिकठिकाणचे पोलीस शहरात आणले जातात. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमतो. गणेशोत्सव, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे आहेतच. ही कामे टाळता येण्यासारखी नाहीत. परंतु मनुष्यबळ अपुरे असले की पहिला बळी बीटाचा जातो. माणूस आठवडेच्या आठवडे बंदोबस्तावर उभा असतो आणि त्याच्या बीटातील गावांना त्याचे तोंड दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ साली अधिनियमात दुरुस्ती केली. तीनुसार शिपायाचा एका ठिकाणचा कार्यकाळ सामान्यतः पाच वर्षांचा आहे. पण ठाण्यात पाच वर्षे असणे आणि गावात ओळख असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरीकडे कामाचा पसारा वाढतोच आहे. नव्या संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचे कारण सांगून नाकारता येत नाही. हे बदल नागरिकाच्या हिताचे आहेत. पण ते राबवणाऱ्या हातांमागे समज नसेल तर चित्रीकरण हाही एक उपचार होऊन बसेल.

काय करता येईल?

प्राथमिक शाळेत पोरांना अक्षरे शिकवायची तर आपण शिक्षणशास्त्राची पदविका मागतो, आणि ते योग्यच आहे. मग गावाच्या शांततेचा भार ज्याच्यावर, त्याला काही महिन्यांच्या कवायतीत तयार झाला असे का मानावे? नागपुरातही पोलीस प्रशिक्षण विद्यालय आहे. तिथल्या अभ्यासक्रमात कवायत आणि कलमे यांच्या जोडीला प्रत्यक्ष प्रसंग सोडवण्याचा सराव मोठ्या प्रमाणावर यावा : धुऱ्याचे भांडण, दारुड्या नवऱ्याची तक्रार घेऊन आलेली बाई, पळून आलेली मुले, दलित वस्तीवरचा बहिष्कार. भरतीच्या लेखी परीक्षेत व्याकरणाबरोबर अशा प्रसंगांवरचे चार प्रश्न असावेत. नव्या शिपायाला पहिली काही वर्षे एखाद्या जाणत्या बीट हवालदाराच्या हाताखाली द्यावे आणि त्याला बीटावरून हलवण्यापूर्वी दहादा विचार व्हावा. त्याच्या कामाचे मोजमाप किती गुन्हे नोंदवले यावरूनच नव्हे, तर किती वाद गुन्ह्यापर्यंत पोचू दिले नाहीत यावरूनही व्हावे. आणि त्याला झोप, साप्ताहिक सुटी व राहण्याजोगे घर मिळावे. दोन रात्री जागलेल्या माणसाकडून सौम्यपणाची अपेक्षा करणे हा कायद्याचा भाबडेपणा होय.

आपण नागरिकही यातून सुटत नाही. ठाण्यात ओळख काढून आपले काम पुढे ढकलणारे, दुसऱ्याच्या तक्रारीवर ‘मिटवून टाका’ असा शब्द टाकणारे आपणच असतो. शिपायाला नि:पक्षपाती राहणे कठीण करून ठेवायचे आणि मग त्याच्या पक्षपातावर बोट ठेवायचे, हे फार दिवस चालू आहे.

पहाटे काटोलच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलांपैकी काही जण लवकरच खाकी घालतील. त्यांच्या पायांत बळ आहे, याची खात्री सरकार करून घेणारच आहे. एखाद्या रात्री ठाण्यात एकटी बाई येईल, किंवा धुऱ्यावर दोन काठ्या उगारल्या जातील, तेव्हा त्यांच्या पायांच्या बळाने फारसे काही होणार नाही. त्या वेळी उपयोगी पडणारी गोष्ट त्यांना शिकवण्याची जबाबदारी आपली आहे, आणि ती आपण अजून पुरती उचललेली नाही.