रक्ताचा बेणेमळा



रक्तदानाचा विषय निघाला की हटकून कानावर येते, "काढलेलं रक्त काय परत येतंय व्हय? ताकद गेली ती गेलीच." बेणेमळा राखणाऱ्याला याचे उत्तर कळायला जड नाही.

रक्त तयार होते हाडांच्या आतल्या मगजात. मोठ्या माणसात हे काम मुख्यतः कमरेची हाडे, मणके, बरगड्या व छातीचे हाड यांत चालते. तिथे मोजक्याच 'मूळ पेशी' असतात. त्यांच्यापासून निपजलेल्या काही पेशी रक्त व्हायला पुढे जातात, काही मूळ पेशी म्हणूनच मागे राहतात. सगळा ऊस गाळपाला न धाडता बेण्यापुरता राखावा, तसे. याचा ठोस पुरावा टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक या शास्त्रज्ञांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आणला.

पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका याच मुळातल्या. पण रक्तदानात प्रश्न असतो तो तांबड्या पेशींचा. रक्तातून प्राणवायू कमी पोचू लागला की मूत्रपिंडाला ते समजते व ते एरिथ्रोपोएटिन नावाचा स्राव सोडते. मगजाला ही जणू मागणीची चिठ्ठीच. मग पेशी दुभंगत दुभंगत लहान होते, हिमोग्लोबिन भरून घेते आणि शेवटी आपले केंद्रकच बाहेर टाकते. आठवडाभरात कोवळी पेशी रक्तात उतरते, एक-दोन दिवसांत पक्व होते आणि सुमारे १२० दिवस जगते. (आपल्या आडसाली उसाला दीड वर्ष लागते!) निरोगी शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. रक्त द्या अगर नका देऊ, जुन्या पेशी मोडणारच.

साधारणपणे एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त घेतात. त्यातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. खरा उशीर लोहाचा. रक्ताबरोबर दीडशेवर मिलिग्रॅम लोह जाते आणि अन्नातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागते. म्हणून तर पुरुषांनी तीन व स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे. गुळाचे आम्हाला कितीही कौतुक असले तरी नुसत्या गुळाने हे भागत नाही. पालेभाज्या, कडधान्ये, चालत असल्यास मटण हवे, आणि जेवणावर लगेच चहा नको.

हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर रक्तपेढी परत पाठवते. घरच्या बाईला असे परत पाठवले तर तिला तिथूनच डॉक्टरकडे न्यावे.