रात्रीची ओटी

रुग्णालयाची वीज वाचवायची म्हटलं की भिंतीवर सूचना लागते, ‘बाहेर पडताना दिवे बंद करा’. ऑडिटला गेले की मी मात्र आधी जिना चढून ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) एएचयूपाशी, म्हणजे हवा पुरवणाऱ्या यंत्रणेपाशी जाते, आणि शक्यतो रात्री.

पत्र्याच्या त्या खोलीएवढ्या पेटीत ब्लोअर आणि थंड पाण्याची कॉइल. खाली ओटीच्या छतात हवा गाळणारे हेपा फिल्टर. ओटीतली हवा तासाला किमान 20 वेळा बदलली पाहिजे, त्यात 4 वेळा बाहेरची ताजी, असा रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचचा दंडक आहे. शस्त्रक्रिया चालू असताना त्यात काटछाट नाही. पण शेवटचा रुग्ण रिकव्हरीत गेला, टेबल पुसून झालं, तरी बहुतेक ठिकाणी ब्लोअर सकाळपर्यंत त्याच वेगाने फिरत राहतो.

तो बंद करता येत नाही. ओटीतला दाब कॉरिडॉरपेक्षा थोडा जास्त, किमान 2.5 पास्कल हवा. नाहीतर धूळ आणि जंतू आत येतात. वेग मात्र उतरवता येतो, दाब टिकणार असेल तर. मोटरला तिचा वेग बदलणारा व्हीएफडी लागतो, एवढंच. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या हिशेबाने घटते: वेग 80 टक्के केला की वीज साधारण निम्मी. फिल्टरचा अडथळा आणि मोटरमधला अपव्यय धरून प्रत्यक्षात बचत थोडी कमी, तरीही रोजची.

वेग उतरवायला दोघं लागतात. पॅनेलपाशी टेक्निशियन 50 हर्ट्झवरून एकेक पायरी खाली येतो. मी खाली ओटीच्या दाराजवळच्या दाबमापकाकडे बघत फोनवर काटा सांगते. “मॅडम, अजून उतरवू?” काटा लवकर ढासळला तर दोष बहुधा दाराखालच्या झिजलेल्या रबरात सापडतो. ते स्वस्तातलं रबर बदललं की आणखी दोन-तीन पायऱ्या उतरता येतात.

मला सर्वांत खुपतो तो पावसाळा. ओल काढण्यासाठी हवा गरजेपेक्षा जास्त गार करायची आणि मग ओटीत सोडण्याआधी हीटरने पुन्हा गरम करायची. त्याच वेळी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून, पाणी गार करणाऱ्या चिलरची उष्णता आकाशात जात असते. ती वळवून हवा गरम करता येते, अंघोळीचं पाणीही तापवता येतं. नव्या इमारतीत त्यासाठीची पाइपलाइन नकाशातच असायला हवी. नंतर भिंती फोडायला कुणी तयार होत नाही.

रात्री वेग उतरवण्यावर सर्जनांचा रास्त प्रश्न असतो, दोनला सिझेरियन आलं तर? हवा तासाला 20 वेळा बदलत असेल, तर हवेतले 99 टक्के कण निघायला सुमारे 14 मिनिटं लागतात. म्हणून पूर्ण वेगाचं बटण ओटीच्या आत नको. कॉल येतो तिथे, सिस्टरच्या टेबलाशी हवं. रुग्ण लेबर रूममधून निघण्याआधीच ते दाबलं गेलं पाहिजे.