मजकुरांतील बाण

बाणाचें मूळ कार्य वेध घेण्याचें. परंतु रणांगणावरून निवृत्त झाल्यावर त्यानें दिशा दाखविण्याचें शांततेचें काम पत्करिलें. पाटीवर तो वाट दाखवितो, नकाशावर वाऱ्याचा रोख सांगतो, आणि आतां संगणकाच्या पडद्यावर तो अक्षरांच्या पंक्तींत येऊन बसला आहे. मात्र तेथें त्याचा अर्थ सर्वत्र एकच असतो असें नाहीं.

संगणकाला आकृति कळत नाहीं, आंकडा कळतो. प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला असतो व त्यावरून पडद्यावर आकृति उमटते. अमेरिकेंत १९६३ सालीं ‘ॲस्की’ नांवाची जी संकेतमाला ठरली, तींत ↑ आणि ← असे दोन बाण होते. १९६७ च्या सुधारणेंत त्यांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. एकाच्या जागीं टोपीसारखें ^ हें चिन्ह आलें, दुसऱ्याच्या जागीं अधोरेषा. बाण हाताशीं नसलेले लेखक मग आडवी रेघ व कोन जोडून -> असा कामचलाऊ बाण करूं लागले. ‘सी’ या संगणकभाषेच्या व्याकरणांत तर या जोडचिन्हाला कायमचें स्थान मिळालें. पुढें १९९१ सालीं ‘युनिकोड’ ही व्यापक संकेतमाला प्रसिद्ध झाली. तिच्या बाणांच्या मुख्य विभागांत आज ११२ चिन्हें आहेत.

इतके बाण कशासाठीं? प्रत्येक शास्त्राची गरज निराळी, म्हणून. रसायनशास्त्रांत → याचा अर्थ मूळ द्रव्यांपासून नवीं द्रव्यें होणें. परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण एकाखालीं एक काढले, कीं क्रिया दोन्ही अंगांनीं चालू आहे असें समजावें. ही रीत डच शास्त्रज्ञ व्हांट हॉफ यांनीं १८८४ सालीं रूढ केली. तर्कशास्त्रांत ⇒ म्हणजे ‘अमुक असेल तर तमुक असलेंच पाहिजे.’ पाऊस पडला तर उघडें अंगण ओलें होतें, हें खरें. पण अंगण ओलें आहे म्हणून पाऊस पडलाच असें नाहीं, कोणी सडाही घातला असेल. बाणाचें तोंड फिरलें कीं विधानाचें सत्यही फिरतें.

कधीं कधीं बाण वाटेंतच हरवतो. कांहीं लेखनयंत्रणा टंकित बाणाच्या जागीं ‘विंगडिंग्ज’ या चित्रमय टंकांतील बाण बसवितात. तो टंक वाचणाऱ्याच्या यंत्रांत नसेल, तर त्याच क्रमांकाचें दुसरें अक्षर उमटतें, आणि बाणाऐवजीं डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसूं लागतो. क्रमांक तोच राहिला. अर्थ मात्र गेला.

पत्रांत असें झालें तर वाचणारा क्षणभर गोंधळेल, इतकेंच. औषधाच्या चिठ्ठींत मात्र ही गोष्ट जिवावर बेतूं शकते. ‘मात्रा वाढवा’ यासाठीं ↑ व ‘कमी करा’ यासाठीं ↓ लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु घाईंत काढलेला वरचा बाण ४ किंवा ७ या इंग्रजी आंकड्यासारखा दिसतो, किंवा त्याचा नेमका उलटा अर्थ घेतला जातो. म्हणूनच अमेरिकेंतील औषध-सुरक्षिततेचें कार्य करणाऱ्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ या संस्थेनें हे दोन्ही बाण प्रमादकारक चिन्हांच्या यादींत घातले असून, त्यांच्याऐवजीं शब्द लिहावेत असें सुचविलें आहे.

बाण जागा वांचवितो, हें निर्विवाद. पण लिहिणारा व वाचणारा या दोघांचा संकेत एक असेल, तेव्हांच तो लक्ष्यावर पोंचतो. जेथें तशी खात्री नसेल, तेथें साधा शब्दच अधिक अचूक.